वीसपैकी तीन

रामहरीच्या दारात गाठोडी बांधून पडली होती. पातेली, गोधड्या, पोत्यात गुंडाळलेले कोयते. त्यात मथुराबाईंना नवल वाटायचं कारण नव्हतं. पावसाळाभर रामहरी त्यांच्या रानात राबायचा, आणि दसरा उरकला की बायकोला घेऊन कारखान्याकडं ऊस तोडायला जायचा. पण एका गाठोड्यातून निकिताची ओढणी बाहेर लोंबत होती. पोरगी दहावीला होती.

"हिला कुठं निघालास घेऊन?"

"उद्या टोळीचा ट्रॅक्टर येतोय, माय. येईल संगं. मोळ्या बांधील, धाकट्याला बघील."

"आन् शाळा? गेल्या साली पोरगी पहिली आली म्हणून सगळ्या गावभर सांगत फिरत होतास की. तोंड दुखलं न्हाय तुझं."

रामहरी आत गेला आणि घडी घातलेला कागद घेऊन आला.

"मला वाचता येत न्हाय, पर आकडा कळतोय. एवढंच येत आसंल तर हितं ठिवून काय करू?"

तांबड्या शाईत लिहिलं होतं, वीसपैकी तीन. मथुराबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पण आकडा त्यांनाही कळला, आणि खालची सहीही कळली. योगीराजची होती. त्यांच्या नातवाची.

तालुक्याच्या कॉलेजातली चार पोरं आषाढापासून संध्याकाळी समाजमंदिरात हायस्कूलच्या गोरगरीब पोरांना शिकवत होती. योगीराज त्यांचा म्होरक्या. मथुराबाईंनी घरच्या सतरंज्या दिल्या होत्या, रोज किटली भरून चहा धाडला होता, आणि भेटेल त्या बाईला थांबवून, आमचा योगीराज फुकट विद्या देतोय, असं ऐकवलं होतं. पण आधी त्यांना पोरीचाच राग आला.

"निके, हिकडं ये. एकवीस गुंठ्याला चौदा किलो हरभरा लागला, तर दोन एकराला किती?"

पोरगी चुलीपुढं भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्रेपन्न किलो, आजी. आन् वर किलोचा तिसरा हिस्सा."

कालच मथुराबाईंनी दोन एकरासाठी साडेत्रेपन्न किलो बी मापून ठेवलं होतं.

"मग हे काय लिवून ठेवलंस?"

निकितानं बापाकडं बघितलं, मग परातीकडं. "योगीदादा म्हणले, पहिल्या पेपरात तीनच बरोबर ठिव. दिवाळीनंतर दुसरा पेपर हाय. आमच्यामुळं वाढले आसं दिसाय पायजे म्हणले. सगळ्यांनाच सांगितलं. घरची सही पण आणा म्हणले."

मथुराबाई तिथून ज्या निघाल्या त्या समाजमंदिरातच थांबल्या. आत योगीराज एका पोराला फळ्यापुढं उभं करून मोबाईलमध्ये फोटो काढत होता. फळ्यावरचं गणित कालचंच होतं, अर्धवट.

"योग्या, रामहरीच्या पोरीला चुका कराय तू सांगितलंस?"

"आजी, तुला न्हाय कळायचं. कॉलेजात दाखवावं लागतं. सगळेच करतेत. त्यावर मार्क हायेत आम्हाला."

"ती उद्या ऊस तोडाय चाललीय. तुझा कागद बघून."

योगीराजचा चेहरा उतरला खरा. पण दुसरं वाक्य निघालं ते असं: "हे कॉलेजात कुणाला सांगू नको." आणि मथुराबाईंना आपल्याच घरचं दूध नासलेलं तोंडात गेल्यासारखं झालं. ह्याच तोंडाला त्यांनी लोणी लावून घास भरवले होते.

"चल. त्याच्या दारात जाऊन तुझ्या तोंडानं सांग."

"गड्याच्या दारात? मी?"

"व्हय. तूच. त्यानं पिकवलेलं खाताना लाजला न्हाईस."

योगीराज गेला. पण दारात उभा राहून हसत हसत म्हणाला, "काका, पेपर अदलाबदली झाला होता. गडबडीत होतंय आसं. निकिता हुशार हाय."

मथुराबाईंना शिसारी आली. चोरी एकवेळ कुणी पोटासाठी करतं, ही कसली? त्यांनी नातवाचं मनगट धरलं आणि स्वतःच बोलल्या. "खोटं बोलतोय. त्यानंच पोरीला चुकवाय लावलं, सोताच्या मार्कासाठी. म्या चहा पाजला ह्यांना, माझीबी चूक हाय."

रामहरी चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्यानं कागदाची घडी पुन्हा घातली आणि विचारलं, "म्हंजे पोरीला येतंय?"

"येतंय. मला आन् ह्याला शिकवील एवढं येतंय. तिला ठिव हितं. माझ्या घरी ऱ्हाईल, माझ्या ताटात जेवील."

रामहरीनं लेकीकडं बघितलं. निकिता पिठाचे हात ओढणीला पुसत दारात आली. योगीराजकडं तिनं बघितलंही नाही.

"मी ऱ्हाते, आबा. पर आजीच्या घरी न्हाय. म्हाळसा आत्याकडं ऱ्हाते."

"तिच्याकडं लाईट नसती धड," मथुराबाई म्हणाल्या.

"चालतंय."

मथुराबाईंना कुणी असं तोंडावर नाही म्हटलेलं आठवत नव्हतं. जीभ शिवशिवली. पण पोरगी ज्या घराला नाही म्हणत होती, त्या घराची त्यांनाच त्या घडीला घाण वाटत होती. त्यांनी मान हलवली.

रामहरीनं गाठोडं सोडलं आणि निकिताचे कपडे एकेक करून बाहेर काढले. योगीराज मनगट सोडवून घ्यायला बघत होता. मथुराबाईंनी सोडलं नाही. सगळे कपडे निघेस्तोवर त्याला तिथंच उभं ठेवलं.