फोडाला टाका कशाला?

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि स्वतःला सुई समजा. टोकदार, चकचकीत, कामाला वाघ. आता कापड सोडून कोणी तुम्हाला माणसाच्या टाचेत खुपसू लागलं, तर वैताग येईल की नाही?

मी एक जुनी सुई आहे. एका शिंप्याच्या घरी माझी हयात गेली. किती काज केले, किती बटणं लावली! गिऱ्हाइकं टाके निरखून वाहवा करत, तेव्हा ऊर भरून येई. पण या घराला एक खोड आहे. अंगावर पाण्याचा फोड आला, की त्यातून सुईदोरा ओवायचा आणि पाणी झिरपावं म्हणून दोरा आतच ठेवायचा. शिंपीच ते, जिथे तिथे टाका!

मागे कात्री घासून शिंप्याच्या अंगठ्याला फोड आला. झालं, गेले मी आरपार. दोऱ्यावाटे घाण आत शिरली, अंगठा टम्म सुजला, पू झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोडाची कातडी म्हणजे आतल्या कोवळ्या कातडीचं पांघरूण. ते कशाला उसवलंत?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी!

परवा शिंप्याच्या मुलीच्या टाचेवर नव्या बुटाची कड घासून फोड आला. धावण्याची शर्यत पुढच्या आठवड्यात. आजोबांनी लगेच मला उचललं, दोरा ओवला. "ये गं इकडे. एका टाक्यात मोकळी होशील."

मी चरफडले. पण सुईचं ऐकतो कोण?

मुलीनं पाय मागे घेतला. "आजोबा, बाबांचा अंगठा विसरलात? तो सुजला तेव्हा दुकानातले सगळे काज आईला करावे लागले होते."

आजोबा शिंप्याकडे बघू लागले, शिंपी अंगठ्याकडे.

मित्रांनो, लहान फोड फोडू नका. साबणानं हळूच धुवा, स्वच्छ पट्टी सैल बांधा, घासणारी वस्तू दूर ठेवा. पाणी आपोआप जिरतं. भोवती लाली पसरली, पू झाला, ताप आला किंवा अंगभर फोड उठले, तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा. आणि मला कापडातच राहू द्या.

मुलीनं टाच धुऊन पट्टी बांधली. मग आजोबांच्या हातातून मला घेतलं. दोरा ओवलेलाच होता. बूट मांडीवर घेऊन तिनं त्या कडक कडेला आतून मऊ कापडाची घडी शिवायला सुरुवात केली.