करडी की निळी

जिवल्या खोटं बोलणारा माणूस नव्हे. वाघोबा खिंडीखालच्या त्याच्या पाड्यावर कुणालाही विचारा. सोमीनं त्याच्याशी तीसेक वर्षं संसार केला, भांडणात त्याला नाही नाही ते बोलली, पण खोटारडा मात्र कधी म्हणाली नाही. आणि असा माणूस बोईसरच्या एका दुकानात, भर दुपारी, देवासारख्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलला. तेही कशावरून? तर पाठीवर घ्यायच्या बॅगेवरून.

त्याचं असं झालं. प्रफुल्ल सर चिंचणीचे. शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलं. काळदुर्गाच्या कड्यात ससाण्याची जोडी राहते असं कुणीतरी सांगितलं, तसे सर आले आणि वाट दाखवायला जिवल्या गेला. त्या दिवशी सरांची कॅमेऱ्याची बॅग त्याच्या पाठीवर जी चढली ती बारा वर्षं उतरलीच नाही. थंडी पडली की दर रविवारी दोघं गडावर. जिवल्यानं जन्मभर ओझीच वाहिली होती. लाकडाच्या मोळ्या वाहिल्या, भाताचे भारे वाहिले, भट्टीवर जाऊन विटा वाहिल्या. पण ते ओझं वाहताना त्याच्याशी गप्पा मारत कुणी चाललं नव्हतं. सर चालायचे. पाखरांची नावं सांगायचे, त्याच्याकडून झाडांची विचारून घ्यायचे. पाड्यावर त्याला आता 'सरांचा जिवल्या' म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते त्याला फार आवडायचं.

यंदा पावसाळ्यात जिवल्याला न्यूमोनियानं धरलं. चांगलंच धरलं. सरांनी गाडी करून त्याला पालघरला दवाखान्यात नेलं, चार दिवस उशाशी बसले. तो वाचला. मग डिसेंबरात सर पाड्यावर आले आणि अंगणात बसून म्हणाले, "जुनी बॅग फाटली बघ. नवी घेऊ. पण या वेळी माझ्या पाठीला बसेल अशी. तुझी छाती आता नाजूक झालीय. ओझं मी नेणार, तू नुसता मोकळ्या हातानं सोबत चल. दिवसाचा रोज तेवढाच मिळेल तुला."

"बरं," जिवल्या म्हणाला. तो नेहमी बरंच म्हणायचा.

सर गेल्यावर सोमी म्हणाली, "देवमानूस हाय हो! मंग तुमचं तोंड का असं एरंडेल प्यालागत?"

"मोकळा मानूस वर जाऊन काय करनार? वाट त्यांना पाठ हाय. आज ओझं काडलं, उद्या मला काडतील."

"मंग सांगा ना तसं."

"काय सांगू? मला ओझं द्या म्हनून सांगू? हसतील लोकं." त्या रात्री तो अर्धी भाकर टाकून उठला.

दुकानात हिना नावाची मुलगी होती, दुकानमालकाची लेक. तिनं सात-आठ बॅगा मांडल्या. पाऊस लागू नये म्हणून आवरण, बाजूनं उघडणारी चेन, पाण्याच्या बाटलीचा कप्पा, तिचं सगळं तोंडपाठ. सरांनी दोन बाजूला काढल्या, एक करडी आणि एक निळी. आरशापुढं उभं राहून दोन्ही घालून पाहिल्या. "मला तर दोन्ही सारख्याच. निळीचे पट्टे जरा मऊ लागतात. जिवल्या, ओझ्यातलं तुला कळतं तेवढं मला कळत नाही. तू सांगशील ती घेऊ."

जिवल्यानं सरांचा कॅमेरा, लेन्स, पाण्याच्या दोन बाटल्या आधी एकीत भरल्या, मग दुसरीत, आणि दोन्ही वेळा त्या इमारतीचे तीन जिने चढून उतरून आला. हिना बघतच राहिली. पण दुकानात उभ्या उभ्या कुठलीही बॅग गोडच लागते, खरी ती चढाला कळते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. करडीचा कमरेचा पट्टा रुंद होता, बरोबर हाडावर बसला. वजन कमरेवर गेलं आणि खांदे मोकळे राहिले. लेन्स पाठीला चिकटून राहिली. बॅग त्याच्याबरोबर वळत होती. सर ही घालून ऐंशी गाठेपर्यंत गड चढले असते, एकटेसुद्धा. निळी मऊ होती खरी, पण कमरेचा पट्टा म्हणजे नुसती नाडी. दुसऱ्या जिन्यालाच तो पोटावर सरकला आणि सगळं वजन मागं लोंबकळून खांद्यांना ओढायला लागलं. ही घेतली तर दोन रविवारांत सर म्हणतील, घे रे बाबा जिवल्या, तूच घे.

तो खाली आला. सर वाट बघत होते.

"निळी," जिवल्या म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

सरांनी पुढं एक शब्द विचारला नाही. निळी बांधून घेतली आणि दोघं बाहेर पडून चहा प्यायले. जिवल्याला तो चहा गेला नाही.

रविवारी सकाळी खिंडीतून निघाले. सर पुढं, बॅग घेऊन. जिवल्या मागं, हात हलवत. पहिला चढ संपायच्या आत पट्टा पोटावर आला. दुसऱ्या चढाला सरांनी अंगठे खांद्याच्या पट्ट्यांखाली घातले. माणूस अंगठे घालतो तेव्हा खांद्यांची आग होत असते, हे जिवल्याला ठाऊक होतं. आता मागतील, आता मागतील म्हणून तो चालत राहिला. सर मागेनात. शेवटी तोच म्हणाला, "सर, द्या इकडं."

"अजिबात नाही. डॉक्टर काय म्हणाले विसरलास?"

गडाच्या माथ्याखाली खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत, मोडक्या. तिथं सर तिसऱ्या पायरीवर वाकले आणि बॅग मागं झुकली. तिच्याबरोबर सरही झुकले. डावा पाय सुटला. जिवल्यानं खालून आपला खांदा सरांच्या पाठीवरच्या बॅगेला लावला आणि खडकाला घट्ट धरलं. क्षणभर सरांचा, बॅगेचा सगळा भार त्याच्यावर होता. खाली काय होतं ते त्यानं पाहिलं नाही. मग सरांचा पाय लागला आणि ते वर गेले.

वर पोचल्यावर सर खडकावर टेकले. कॅमेरा काढला नाही. सदरा खांद्याला चिकटला होता, तो सोडवताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. दोन्ही खांद्यांवरचं कातडं सोलवटलं होतं. जिवल्याला तिकडं बघवेना.

सर म्हणाले, "जिवल्या, ही तू निवडलेली. म्हणजे त्यातली सगळ्यात चांगली. चांगली एवढी लागते, तर ती जुनी तुला किती लागत असेल रे? बारा वर्षं! आणि मी पुढं पाखरांच्या गोष्टी सांगत चाललोय. तू एकदा तरी बोलायचंस." त्यांचा आवाज फुटला. त्यांनी खरोखरच हात जोडले. "माफ कर मला."

"हात जोडू नका, सर." जिवल्या ओरडलाच. "खाली करा हात! जुनी कदीच लागली नाय मला. ही वाईट हाय. मला जिन्यातच कळलं हुतं. चांगली ती करडी हुती. मी खोटं बोललो."

"का?"

"तुमाला जमू नये म्हनून. परत माज्याकडं द्यावी म्हनून."

सरांचा चेहरा लाल झाला. बत्तीस वर्षं शाळेत पोरांना वठणीवर आणलेला माणूस, त्यांना राग आला की दिसायचा. "पडलो असतो मी आता! मेलो असतो! बॅग हवी होती तर मला विचारायचं नाहीस?"

"तुमी मला विचारलं?" जिवल्या म्हणाला. सरांना तो असं कधी उलटून बोलला नव्हता, आणि आता सुरुवात झाली तर त्याला थांबवेना. "कुठली बॅग घेऊ, ते विचारलं. ओझं काडू का, ते नाय विचारलं. छाती माजी, दुखनं माजं, आनि ठरवलं तुमी. चांगलंच ठरवलं, सर, मला कळतं. पन मी घरात बसून काय करू? सगळ्या जन्मात हे येकच काम मला माजं वाटलं. तुमच्या जिवाशी खेळलो, ते पाप माजं हाय. मारा मला. पन काम माजं हुतं."

ससाण्याची मादी कड्यावरून निघाली, त्यांच्या डोक्यावरून गेली, परत आली. दोघांपैकी कुणी वर बघितलं नाही. ऊन चढलं. जिवल्यानं सरांच्या खांद्यांवर ओला रुमाल ठेवला तो सरांनी काढून टाकला नाही, एवढंच.

उतरायची वेळ झाली. सर उठले, सवयीनं बॅगेकडं हात नेला आणि मध्येच थांबले. या बारा वर्षांत त्यांनी त्याच्याकडं बॅग शेकडो वेळा दिली होती. दिली म्हणजे पुढं केली, आणि त्यानं घेतली.

"जिवल्या," ते म्हणाले, "नेशील का रे?"

जिवल्या हमसून हमसून रडायला लागला, एवढा मोठा माणूस. सर उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही.

"नेतो," शेवटी तो म्हणाला.

मोडक्या पायऱ्या तो बॅग घेऊन पाठमोरा उतरला. मग सरांना एकेक पाऊल दाखवत खाली घेतलं. पायवाटेला लागले. निळीनं आपला गुण सोडला नव्हता. पट्टा पोटावर, भार मागं, खांद्यांत आग. नेहमीचा जिवल्या असता तर पाड्यापर्यंत दात खाऊन गेला असता.

"सर," तो थांबून म्हणाला, "लय लागते हो ही."

सर पुढून वळले, त्याच्याजवळ आले आणि त्याच्या खांद्यावरचा पट्टा हातानं उचलून धरला. मग अरुंद वाटेवरून दोघं तसेच, एकमेकांचे धक्के खात, खाली उतरले.