कोंबड्यांचा ट्रक

नोरीनला पुलाची भीती वाटते, हे आमच्या काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खाडीवरचा तो चार मैलांचा पूल, मध्ये आभाळाला भिडल्यासारखा उंच, कठडे बुटके, खाली नुसतं पाणी. भल्याभल्यांची तिथे गाळण उडते. अशांची गाडी पलीकडे नेऊन द्यायचा धंदाच आहे आमच्याकडे. नोरीनची गाडी ओटिस न्यायचा. ती शेजारी डोळे घट्ट मिटून बसायची. मागून ओटिसचा जावई यायचा आणि पूल ओलांडला की सासऱ्याला घेऊन परत फिरायचा. आई नंतर पलीकडे राहायला गेली होती, पुढे तिच्या घरापर्यंत नोरीन स्वतः चालवायची. आधी हे काम नवरा करायचा, तो गेल्यापासून अकरा वर्षं ओटिस.

त्या मंगळवारी सकाळी पलीकडच्या इस्पितळातून फोन आला. आईच्या हृदयाची झडप उद्या बदलायची, वय शहाऐंशी, तेव्हा आज येऊन भेटून घ्या. पुढचं डॉक्टर बोलला नाही, पण नोरीनला कळायचं ते कळलं. तिने ओटिसला फोन लावला.

"आज जमायचं नाही हो, नोरीनबाई. गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. जावईपण गावाला गेलाय."

"अहो, असं काय करता! आईचं उद्या ऑपरेशन आहे."

"मग जा की तुम्ही. परत येताना स्वतःच चालवता ना?"

"येताना वेगळं असतं."

"काय वेगळं असतं? उंची तीच, पाणी तेच. अकरा वर्षं बघतोय, म्हटलं आपण कशाला बोला. पण खरं सांगा, तुम्हाला भीती पुलाची वाटते की पलीकडच्या कुणाची?"

"गुडघा सुजलाय, जीभ बरी शाबूत आहे तुमची!" असं म्हणून नोरीनने फोन आपटला.

आपटला खरा, पण शब्द वर्मी लागला होता. दुसऱ्या कुणाला फोन करायचं सोडून ती स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली.

गोष्ट एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. नोरीन एकोणीस वर्षांची होती. बापाच्या छातीत दुखत होतं, त्याला मागच्या सीटवर आडवं केलेलं, आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि गाडी नोरीनच्या हातात. इस्पितळ पलीकडे. गाडी पुलावर मधोमध थांबली ती बराच वेळ हललीच नाही, आणि पलीकडे पोचेपर्यंत बाप संपला होता. प्रेत घरी आणलं तेव्हा आई दारात आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात पडून एकच सांगत होती, "पोर पुलावर घाबरली हो, गाडी पुढे नेईना." लोकांनी नोरीनच्या पाठीवरून हात फिरवले. बिचारी, म्हणाले. त्या एका 'बिचारी'ने तिचा घात केला. वर्षभरातच पलीकडे जायला पुलावर चढताना तिचे तळवे खरोखर घामाने भिजायला लागले.

दुपारी ती निघाली. पुलाच्या तोंडाशी तळवे भिजले आणि तिने गाडी उभीच केली. मागून कुणीतरी हॉर्न ठोकला. "दमा की मेल्यांनो!" ती ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजाने तिला जरा धीर आला. डोळे मिटायची सोय नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती जाताना डोळे उघडे ठेवून पूल चढत होती. अगदी वर पोचली आणि ती जागा आली.

इथेच. त्या दिवशी इथेच पुढे कोंबड्यांचा ट्रक बंद पडला होता! पांढरी पिसं उडून काचेवर चिकटत होती, वायपर लावला तर ती आणखीच पसरली. शेजारच्या रांगेत गाडीला गाडी लागलेली. नोरीन हॉर्न वाजवत होती, उतरून पुढे धावली होती, ट्रकवाल्याच्या अंगावर ओरडली होती. ती घाबरली कुठे होती? ती तर चिडली होती! हे ती विसरली होती असं नाही. पण कुणी कधी विचारलंच नाही, आणि आईचं ऐकून ऐकून तिने स्वतःची साक्ष सोडून दिली होती.

उतार लागला तेव्हा तिचे हात कोरडे होते. तिला रडूही आलं आणि संतापही आला. उद्या म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर हे तसंच राहणार. आज आईच्या तोंडून वदवून घ्यायचंच, असं ठरवून ती इस्पितळाच्या पायऱ्या चढली.

तिची आई वर्ना उशांना टेकून जेलीचा वाडगा चमच्याने ढवळत बसली होती.

"आई, बाबांना नेलं त्या दिवशी पुलावर पुढे ट्रक बंद पडला होता."

"कोंबड्यांचा," वर्ना लगेच म्हणाली. "काय घाण वास!"

नोरीनला वाटलं होतं, आई आठवत नाही म्हणेल, रडेल, भांडेल. ती खुर्चीवर बसली.

"तुला माहीत होतं? मग मी घाबरले असं का सांगत सुटलीस?"

वर्नाने चमचा खाली ठेवला. "तो सकाळपासून छाती चोळत होता. मीच म्हटलं, गॅस झाला असेल, जेवून घे मग बघू. तीन तास गेले त्यात. हे सांगायचं होतं का लोकांना? मला फाडून खाल्लं असतं. तू पोर होतीस. पोरीला लोक माफ करतात."

"आणि मी? चाळीस वर्षं मी त्या पुलावर..."

"आता उकरून काय मिळणार आहे गं? उद्या मला चिरणार आहेत." तिने पुन्हा चमचा उचलला. "आणि लवकर निघ. वारा सुटला की तुला त्या पुलावर काही सुधरत नाही."

एवढ्यात नर्स रक्तदाब बघायला आली. वर्नाने लगेच आवाज मऊ केला. "ही माझी लेक. आज चक्क एकटी आली. पुलाला फार घाबरते हो बिचारी."

"पुढे ट्रक बंद पडला होता," नोरीन नर्सला म्हणाली.

"अगंबाई, हो का?" नर्स दंडाला पट्टा गुंडाळत म्हणाली. "मग खूप उशीर झाला असेल तुम्हाला."

"हो," नोरीन म्हणाली. "फार उशीर झाला."