रूपालीच्या नावानं

किल्ली अर्ध्यात अडकली होती. पुढे जात नव्हती, बाहेरही येत नव्हती. एवढीशी चपटी किल्ली, भोकात काळा दोरा ओवलेली... आणि रूपालीला वाटलं, बरंच झालं, अडकू दे. म्हणजे हे कपाट आज उघडायलाच नको. पण ती किल्लीही काही तिच्या मर्जीतली नव्हती. दुसऱ्याच झटक्याला ती फिरली, दार आपोआप पुढे आलं आणि आतली खोकी एकमेकांच्या अंगावरून घसरून तिच्या पायाशी येऊन बसली.

सगळ्या खोक्यांवर तिचंच नाव. शेजारच्या टेबलावरच्या डिंपलच्या सँडल, आणि नाव रूपालीचं. धाकट्या जावेचा, मयुरीचा, कुर्ता, त्यावरही रूपाली. गल्लीतल्या सुनंदाबाईंची सून काय काय मागवते देव जाणे, पण नाव रूपालीच, द्वारा अमुक दालमिल, एमआयडीसी, जळगाव. कारण पार्सलवाल्याला दुसरं कुणी ठाऊक नाही. पहिल्यांदा तिनंच हौसेनं सांगितलं होतं, माझं नाव टाका, मी ठेवून घेईन. कुणाचं तरी काम झालं, कुणी तरी हसून 'बरं झालं बाई तू आहेस' म्हणालं, एवढ्यानं माणूस फुगतं. आता असोद्यातल्या अर्ध्या गल्लीची चोरटी हौस या फायलींच्या कपाटात येऊन पडते आणि संध्याकाळी रिकाम्या डब्याखाली, ओढणीखाली लपून एसटीनं गावी जाते... मी कारकून आहे की बोगदा, तिला कळेनासं झालं होतं.

याचं कारण घरात होतं. घरी नवी वस्तू आली की ती आधी देव्हाऱ्यापुढे. सासूबाई – सुमनबाई – हात धुऊन येणार, खोक्याला हळदकुंकू लावणार, आणि मग सगळ्यांच्या देखत विळ्यानं चिकटपट्टी कापणार. चपला असोत, चादर असो, काही असो. दिराच्या मोबाइलचं कव्हरसुद्धा कुंकू लागल्याशिवाय त्याच्या खिशात गेलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा रूपालीला हे गोड वाटलं होतं. मग एकदा तिनं स्वतःसाठी आतले कपडे मागवले... ते खोकं सासरे, दीर, शेजारच्या अक्का, सगळ्यांसमोर उघडलं गेलं आणि सासूबाईंनी ते शांतपणे परत झाकून ठेवलं. कुणी काही बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून ऑफिसचा पत्ता.

तरी संशय नको म्हणून मधूनमधून एखादी निरुपद्रवी वस्तू ती उघडपणे घरी न्यायची. गेल्या आठवड्यात असाच स्टीलचा डबा न्यायचा होता. घाईत हात पडला शेजारच्या खोक्यावर. घरी पोचून तिनं ते देव्हाऱ्यापुढे ठेवलं आणि पाय धुवायला मागच्या मोरीकडे गेली. परत येते तो कुकरच्या शिट्ट्या. सुमनबाई म्हणाल्या, "तूरडाळ चांगली धाडली व तुह्या मिलवाल्यानं." त्या रात्री सगळ्यांनी वरण ओरपलं, तिनंही, मिलमालक कधी नव्हे ते खूश झालेले दिसतात, असंच तिलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी भूपेंद्रशेठनी विचारलं, "ताई, व्यापाऱ्याकडून तूरडाळीचा नमुना येणार होता, आला का?" आणि तिच्या पोटातलं वरण पोटातच थिजलं. ज्या डाळीवर कुठलासा मोठा सौदा ठरायचा होता ती तिच्या घरानं हिंगाची फोडणी देऊन खाल्ली होती.

हसू येण्यासारखं आहे. डिंपल तर टेबलावर डोकं ठेवून हसली. भूपेंद्रशेठ हसले नाहीत. वडिलांची गादी नुकतीच हाती आलेला माणूस, सगळ्यांशी अहो-जाहो करतो, आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. आज सकाळी आल्या आल्या त्यांनी केबिनच्या काचेच्या दारात उभं राहून सांगितलं, "कपाट आज रिकामं करा ताई. आणि यापुढे तुमच्या नावाचं एकही पार्सल या टेबलावर दिसलं, तर टेबलही रिकामं करावं लागेल. मला पुन्हा सांगायला लावू नका."

टेबल रिकामं... त्यांना काय ठाऊक, या टेबलावर काय काय मांडून ठेवलंय मी. तिचा नवरा हितेंद्र आता कुठे कबूल झाला होता. कितीतरी रात्रींच्या कुजबुजीनंतर, कूस बदलण्यानंतर, रुसण्याफुगण्यानंतर. म्हणाला होता, तुझी नोकरी पक्की राहिली तर दिवाळीनंतर जळगावात दोन खोल्या बघू. केळीची शेती मी तिथून येऊन-जाऊन करीन. दोन खोल्या, ज्यांना आतून कडी असेल. नोकरी गेली की ते बोलणंच मिटलं, हितेंद्र दुसऱ्यांदा कबूल होणाऱ्यातला नाही.

आणि त्याला कबूल करायला तिनं काय कमी कष्ट घेतले होते? सासूबाईंवरचे आरोप ती भाजी निवडावी तसे निवडून ठेवायची, त्यातले देठ काढून त्याला द्यायची. आई घर सोडून कुठे जात नाहीत. भावकीतलं लग्न असो, बारसं असो, तुम्ही जा म्हणतात आणि स्वतः दारात बसून राहतात, म्हणजे मागे राहणाऱ्या सुनेला घटकाभरही घर एकटं मिळू नये. यंदा मुक्ताईच्या दर्शनालासुद्धा गेल्या नाहीत, ज्या बाईचं एक वर्ष कधी चुकलं नव्हतं! आणि रात्री उठतात. दिवा लावतात, फिरतात. आपल्या दारावरून पावलं जातात, येतात... पाळत ठेवतात त्या, दुसरं काय. हितेंद्र यावर गप्प राहायचा. त्याच्या गप्प राहण्यातच तिचा विजय होता.

जेवणाच्या सुट्टीआधी तिनं सगळ्यांना फोनवर लिहून टाकलं: आजपासून माझ्या नावानं काही मागवू नका, आलं तर परत जाईल. डिंपल म्हणाली, "अगं, एवढं काय, चार दिवसांनी शेठ विसरतील." रूपालीनं मान हलवली. नको. एकदा नाही म्हणून बघायचंच. लग्नात तिला विचारलं नाही, नोकरी धरताना दहा जणांना विचारावं लागलं, पण 'परत न्या' हे दोन शब्द म्हणायला कुणाची परवानगी लागते? जेवताना तिनं ते मनातल्या मनात म्हणून पाहिले. परत न्या. छान वाटले. पोळीच्या घासाबरोबर आणखी एकदा म्हटले.

कुलरच्या घरघरीत दुपार पेंगुळली होती तेव्हा प्रेमराज आला. धुळ्याकडचा, गेली दोन-तीन वर्षं हाच या भागात पार्सलं वाटतो. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं टेबलावर एक मोठं, फुगीर, हलकं पाकीट ठेवलं. उशी असावी तसं. मयुरीचं सगळं येऊन गेलंय, डिंपल मान हलवतेय, गल्लीतून कुणी कळवलेलं नाही. मग हे कुणाचं? पण आता ते विचारायचंच कशाला? केबिनच्या काचेमागे भूपेंद्रशेठ फोनवर बोलत होते, पाठमोरे.

"परत न्या," ती म्हणाली. आवाज ठरवल्यापेक्षा जरा मोठाच निघाला.

"परत?" प्रेमराज चकित झाला. "तुमनंच नाव शे ना ताई यावर. बठ्ठा पार्सलं तुमनाच नावना ऱ्हातस."

"म्हणूनच. मी मागवलेलं नाही. आजपासून माझ्या नावाचं काही घेणार नाही मी."

त्यानं खांदे उडवले आणि मोबाइल काढून बोटानं काही दाबू लागला. दोन शब्द. एवढंच होतं तर. इतकी वर्षं हे एवढंच होतं... आणि तिचा फोन वाजला.

घरून. सासूबाई. त्या ऑफिसात कधी फोन करत नसत. त्यांच्या साध्या फोनच्या बटणांवरचे आकडे केव्हाच घासून गेलेत, अमुक एक बटण दाबून धरलं की रूपाली, एवढं हितेंद्रनं त्यांना शिकवून ठेवलंय, अडीअडचणीला. सासरे? केळीत साप? तिनं घाईघाईनं फोन कानाला लावला.

"रूपाली व... बोलता येते का?"

"बोला ना आई. काय झालं?"

"काही नही. ते आलं का?"

"काय?"

"पार्सल." मग फोन तोंडाशी आणल्यासारखा आवाज जवळ आला. "तुह्या नावानं मांगोलं मी. सुनंदाच्या सुनेच्या मोबाइलवरून."

रूपाली पाकिटाकडे बघत राहिली. प्रेमराज थांबला होता. तिनं त्याला हातानं खूण केली, थांब म्हणून. ती खूण कुणी केली ते तिलाही कळलं नाही.

"काय आहे आई त्यात?"

"बांधाचं हाये. लहान लेकराले बांधतात तसं. मोठ्या माणसाचंबी भेटते म्हने." आवाज इतका खाली गेला की तिला दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं. "खोकललं तरी वल्लं व्हते व. हासलं तरी. लगनात बसू नही शकत मी, उठलं का मांगं लुगड्यावर दिसीन म्हनून. मुक्ताईले एसटीत कशी बसू? रातभर उठू उठू जा लागते मोरीत... तुमच्या दारावरून जातो त जीव धुकधुक करते, तुमची झोप मोडीन."

रूपाली कुलरच्या घरघरीपासून दोन पावलं दूर सरकली.

"तुह्यासाठीच हाये असं सांगलं मी तिले. सुनंदाच्या सुनेले. माह्यं नाव नही घेतलं. तू रागावजो नको."

म्हणजे गल्लीत आता... बरं. तेही माझ्याच नावानं. सँडल, कुर्ते, लिपस्टिका, आणि आता हेही.

"तो नंबर मांगते ना मानूस? माह्या फोनवर आला. मले इंग्रजी आकडे येत नही अन् घरात कोनाले दाखवू? मी पाहू पाहू परातीतल्या पिठात काढले. सांगू का?"

"ताई, ओटीपी सांगतस का परत टाकू?" प्रेमराजनं विचारलं. "मले अजून पाच जागं जानं शे."

परत टाक, असं म्हणायचं होतं. अजूनही म्हणता येत होतं. काचेपलीकडे शेठनी फोन खाली ठेवला होता आणि ते कागद चाळत होते.

"सांगा आई," ती म्हणाली.

"पयले दोन गोये. एकावर एक."

"आठ."

"मंग उभी काडी."

"एक."

"मंग... खुर्ची उलटी केली त कशी दिसते, तसं."

"चार." तिच्या डोळ्यांसमोर ती परात आली, पिठावर टेकलेलं बोट, त्या आकड्यांवर खिळलेले, चष्म्यामागे ताणलेले डोळे, आणि त्या घरातली एकमेव मालकीण, जिच्या हळदकुंकवाशिवाय चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही, ती आपल्याच स्वयंपाकघरात चोरासारखी पाठमोरी बसलेली. मागून मयुरीचा आवाज आला, आई, पाणी आणू का कणकेसाठी? लाइन एकदम शांत झाली. पिठावरून तळहात फिरल्याचा सरसर आवाज. मग अगदी कुजबुजत, "इळा," आणि फोन बंद.

"सात," रूपाली म्हणाली. प्रेमराजनं आकडे दाबले, पाकीट तिच्याकडे सरकवलं आणि उन्हात निघून गेला.

ते कपाटात मावण्यासारखं नव्हतं. अर्धं टेबल व्यापून ते पडलं होतं. काचेचं दार उघडल्याचा आवाज आला. भूपेंद्रशेठ जवळ येऊन उभे राहिले, नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"ताई, सकाळी मी काय बोललो होतो?"

"माझंच आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं नाही."

काही वाईट वाटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, किंवा कंटाळल्यासारखा. "जाताना भेटून जा," म्हणाले आणि आत गेले. डिंपल खाली मान घालून बिलं लावत राहिली.

जाताना. म्हणजे अजून चार-पाच तास. रूपाली खुर्चीत बसली. पाकिटावर हात ठेवला. आत सगळं मऊ होतं, दाबलं की खचत होतं. संध्याकाळी हे त्या घरात न्यायचं, सासरे, दीर, मयुरी, शेजारच्या अक्का, सगळ्यांना चुकवून, आणि सगळ्यात आधी देव्हाऱ्याला चुकवून, सासूबाईंसाठी, सासूबाईंच्याच नजरेआड असल्यासारखं. हितेंद्रनं विचारलं तर काय सांगायचं? नोकरी गेली, हे कसं सांगायचं, आणि का गेली, हे तर सांगताच येणार नाही. आणि गेली नाही तरी? आता रात्री त्याच्याशी बोलायला तोंड कशानं उघडणार? तुझी आई घर सोडत नाही. तुझी आई रात्री फिरते... तिनं एकेक आरोप उचलून पाहिला, आणि एकेक हातातच ओला लागला.

तिनं राग आणायचा प्रयत्न केला. खरंच केला. आतल्या कपड्यांचं ते खोकं आठवलं, सगळ्यांच्या नजरा आठवल्या, कढीत मीठ जास्त झालं म्हणून महिनाभर ऐकवलेलं आठवलं. तुह्यासाठीच हाये असं सांगलं, हेही घोळवून पाहिलं – किती सहज माझं नाव पुढे केलं! एवढ्यावर कुणीही पेटलं असतं. पण मध्येच तो सरसर आवाज यायचा, पिठावरून फिरलेल्या तळहाताचा, आणि सगळं विझून जायचं. इतकी वर्षं तिच्याजवळ तिचं असं एकच काही होतं, जे घरात कुणी उघडून पाहिलं नव्हतं, ज्याला कुंकू लागलं नव्हतं. त्या रागाच्या जोरावर ती एक दिवस त्या घरातून उठून जाणार होती. दयेच्या जोरावर कुणी घर सोडतं का? दया तर माणसाला बसवून ठेवते... आणि मग, कुलरच्या गार वाऱ्यात बसल्या बसल्या तिला त्या म्हातारीचा राग आलाच, पहिल्यांदा अगदी पोटातून आला, की बाई, एवढं होतं तर मला सांगितलंस कशाला.