चादरीखालचे यंत्र

मी किल्ल्या घासणारे एक जुने यंत्र आहे. मित्रांनो, घराच्या दोन किल्ल्यांपैकी एक हरवली की तुम्ही ज्या माणसाकडे धावता, त्याच्या बाकावर स्क्रूने आवळलेले असते ते मीच. माझा रंग उडाला आहे, दांडा हाताने फिरवावा लागतो, पण चाकाचे दात अजून शाबूत आहेत. म्हातारपणी एवढे पुष्कळ झाले.

कारखान्यात मला दोन पकडी बसवल्या गेल्या. एकीत मूळ किल्ली धरायची, दुसरीत कोरी. मूळ किल्लीच्या खाचांवरून माझा पोलादी काटा फिरतो आणि शेजारचे चाक कोऱ्या किल्लीवर तश्शाच खाचा पाडते. मात्र मूळ किल्ली सरळ बसली पाहिजे. ती केसभर जरी तिरकी बसली, तरी मी तो तिरकेपणा इमानेइतबारे उतरवते. त्याला माझा इलाज नाही.

मालकांनी मला घेतले तेव्हा तेही या धंद्यात नवे होते. "यांची किल्ली पहिल्याच फेरीत फिरते," असे लोक म्हणत आणि मी बाकावर बसल्या बसल्या फुगत असे. मग मालकांना मोठ्या दुकानाची स्वप्ने पडू लागली. त्यांनी कर्ज काढून गाळा घेतला, बटण दाबले की आपोआप चालणारे चकचकीत यंत्र आणले आणि मला जिन्याखाली टाकले. माझ्या डोक्यावर रिकाम्या डब्यांची चळत चढली. खोटे कशाला बोलू, मला फार राग आला होता.

गाळा चालला नाही. एक कर्ज फेडायला दुसरे घेतले, दुसरे फेडायला तिसरे. चकचकीत यंत्र वसुलीवाले घेऊन गेले आणि मी पुन्हा जुन्या टपरीत बाकावर आले. पण मालकांचे हात आता पूर्वीचे राहिले नव्हते. फोन वाजला की ते दचकत आणि किल्ली वाकडी बसे. "फिरत नाही हो," म्हणत गिऱ्हाइके परत येऊ लागली.

"आपण नादारीचा अर्ज करू," मालकीणबाई एक दिवस म्हणाल्या. मित्रांनो, नादारी म्हणजे 'हे कर्ज माझ्याकडून फिटणे शक्य नाही' असे न्यायालयापुढे कबूल करायचे, असेल नसेल ते दाखवायचे आणि सुटका मागायची.

मालक कुणाच्या तरी घराची किल्ली हातात धरून बसले होते. "अगं, दिवाळं निघालेल्या माणसाच्या हातात आपल्या घराची किल्ली कोण देईल?"

घोंगडे तसेच भिजत पडले. शेवटी वसुलीवाले टपरीसमोर उभे राहून चार लोकांत नाही नाही ते बोलले, तेव्हा मालक एका वकीलबाईंकडे जायला तयार झाले. पण जाण्याआधी त्यांनी माझे स्क्रू काढले, मला चादरीत गुंडाळले आणि आपल्या थोरल्या बहिणीकडे अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवले.

चादरीखाली दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते. अर्जासोबतच्या शपथपत्रावर सही करायच्या आदल्या दिवशी दोघे तिथे आले.

"काही कुणाकडे ठेवलंय का, असं वकीलबाईंनी सरळ विचारलं," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात. उद्या तेच शपथेवर सांगणार?"

"हे यंत्र गेलं तर खायचं काय?"

"पोटापाण्याची अवजारं बहुतेक वेळा सोडतात, म्हणाल्या ना त्या. पण लपवलेलं सापडलं तर अर्जच बाद. मग कर्जही डोक्यावर आणि खोटेपणाचा शिक्काही."

"बहुतेक वेळा म्हणाल्या. नक्की कुठे म्हणाल्या?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ताई म्हणाल्या. "राहू दे इथेच. माझ्या घरात कोण येतंय बघायला?"

"आणि ताई, तुम्हालाच बोलावून विचारलं तर?"

विषय बदलायला ताईंनी मागच्या दाराची किल्ली पुढे केली. "आलाच आहेस तर हिची जोडी करून दे. कोऱ्या किल्ल्या असतातच तुझ्या खिशात."

चादर निघाली. मालकांनी मला स्टुलावर ठेवले, किल्ली पकडीत अडकवली आणि दांडा फिरवला. मला कळत होते की काहीतरी चुकते आहे, पण यंत्राला वाचा कुठली? ताई नवी किल्ली घेऊन मागच्या दाराशी गेल्या आणि तशाच परत आल्या.

"तुझ्या हातची किल्ली, आणि अडली?"

मालक माझ्यावर वाकले. पकडीतली किल्ली त्यांनी बोटाने चाचपली. "मूळच तिरकं बसवलंय मी," ते म्हणाले. मग त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पकड पुसली, किल्ली सरळ बसवली आणि पुन्हा दांडा फिरवला. या वेळी कुलूप उघडले.

"ताई, एखादी गाडी सांग. हे टपरीवर परत न्यायचंय. उद्या यादीत पहिलं नाव याचंच देतो."

"अरे, आणि ते घेऊन गेले तर?"

"गेले तर गेले. नाहीतर मी काय जन्मभर दारं लावून किल्ल्या घासणार आहे?"

मित्रांनो, निकाल अजून लागायचा आहे. मला ठेवतील की नेतील, ठाऊक नाही. रस्त्यावर गाडी थांबली की नेणारेच आले असे मला वाटते.

काल शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका किल्ली घेऊन आल्या. मालकांनी ती घेतली नाही. "बाई, आधी सांगतो. मी नादारीचा अर्ज केलाय. माझ्याकडून कर्ज फिटलं नाही."

किल्ली बाईंच्या बोटांतच राहिली. मालकीणबाई डबे पुसत होत्या, त्यांचा हात थांबला.

"दोन करा," शिक्षिका म्हणाल्या. "एक तुमच्याकडेच असू दे. मी हल्ली फार विसरते."

मालकांनी किल्ली बसवली, दोनदा तपासली आणि मगच दांड्याला हात घातला.

माझे मागणे फार नाही. जुन्या यंत्राला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि फोन वाजला की घरात कुणी दचकत असेल, तर त्या गोष्टीवर चादर टाकू नका, त्याच्याजवळ बसून विचारा. बाईंची ती दुसरी किल्ली माझ्या शेजारच्या खिळ्यावर टांगलेली आहे.