सोमवारचा चेहरा

आमच्या साहेबांना कोडी घालायची खोड आहे. दर सोमवारी चहाच्या वेळी ते खोलीच्या मधोमध उभे राहतात, एक कोडं घालतात आणि आम्ही सगळे डोकं खाजवतो. उत्तर द्यायचं नसतं. शेवटी तेच सांगतात, मग "काय डोकं आहे साहेबांचं" म्हणत माना डोलवायच्या. रंगाच्या कारखान्यात आम्ही छटा तपासतो. राखाडीचे दोन नमुने शेजारी ठेवले, तर कुठल्यात थेंबभर निळा जास्त पडलाय ते नुसत्या नजरेनं ओळखतो. अशा माणसांना म्हणे पोरासोरांची कोडी सुटत नाहीत. शिसारी येते मला त्या चेहऱ्यांची, माझ्यासकट.

माझा चेहरा उशिरा तयार झाला. नवी होते तेव्हा पहिल्याच सोमवारी मी फाडकन उत्तर दिलं. झालं, तेव्हापासून मी 'दीडशहाणी'. डबा एकटीनं खायचा, आणि पॅकिंगवाल्या मावशी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." वर्षभर सोसलं. मग एकदा मीही म्हटलं, "छे बाई, काही सुचतच नाही," आणि त्या दुपारी डब्याच्या वेळी आमच्या केमिस्टनं माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

माझ्या लेकीचंही शाळेत तेच चाललंय. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं बोट वर. मधल्या सुट्टीत जिन्यावर एकटी बसून खाते. "तू हुशार आहेस ना, म्हणून जळतात त्या," असं मी सांगते. पण तेवढ्यानं कुणाला मैत्रिणी मिळत नाहीत. तरी डोकं झाकून ठेव असं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. एवढं एक पाप तरी माझ्या हातून होऊ द्यायचं नव्हतं.

परवा शाळेला सुट्टी होती, म्हणून तिला कामावर घेऊन गेले. सोमवार होता हे ध्यानातच राहिलं नाही.

साहेब उभे राहिले. "कपाटात काळे-पांढरे मोजे मिसळलेत. मिट्ट अंधार. कमीत कमी किती काढले म्हणजे एक जोडी नक्की जुळेल?"

केमिस्टनं कपाळाला हात लावला. मावशींनी सुस्कारा टाकला. लेकीचं बोट वर गेलं. बोल गं बाई, मी मनात म्हटलं, एकदाचं सांग यांना.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला आठ्या घालून, तोंड अर्धवट उघडं टाकून बसले होते. सवयीनं. आवरेपर्यंत तिनं पाहिलं होतं. तिचं बोट खाली आलं आणि त्याच आठ्या तिच्या कपाळावर उमटल्या.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"तीन," साहेब म्हणाले, आणि खूश होऊन त्यांनी बिस्किटाच्या ओल्या बोटांनी तिचा गाल ओढला. मावशींनी तिला मांडीवर घेतलं.

"आईसारखीच गुणी आहे," केमिस्ट म्हणाला. सगळे हसले.

घरी येताना ती उड्या मारत चालली होती. कितीतरी दिवसांनी.

"आई, मला येत होतं."

"माहितेय मला."

"तुलाही येत होतं ना?"

"हो."

तिनं माझा हात धरून हलवला. "मग मला आधी का नाही शिकवलंस गं?"