थांबलेली भाकर

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत होती. महिन्यातल्या प्रभूभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे एक भाकर वाटून खातात तेव्हा, ती मोडण्याआधी पाळकसाहेब विचारायचे, "कोणाचं कोणाशी अडलंय का?" ज्यांचं अडलं असेल त्या दोघांनी उठून बाहेर पायऱ्यांवर जायचं, काय असेल ते मिटवायचं, आणि आत येऊन सगळ्यांसमोर एकेकाने "मिटलं" म्हणायचं. तोवर भाकर पांढऱ्या कापडाखाली झाकलेली. एकाचं अडलं की सगळ्यांचं अडायचं. लहानपणी मला याची मोठी गंमत वाटायची. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडलेल्या दोन जावा बाहेर जायच्या, तिथे एकमेकींना आणखी चार शब्द सुनवायच्या आणि साळसूद चेहऱ्याने आत येऊन "मिटलं" म्हणायच्या. पाळकसाहेबांना सगळं कळायचं, पण तेही माणूसच, त्यांनाही भूक लागलेली असायची.

माझं अडलं तेव्हा मात्र कोणाला हसू आलं नाही. माझं अडलं होतं माझ्या पाठच्या भावाशी, आणि तो मंडळीतला नव्हताच.

त्याला सगळे कोरड्या म्हणतात. आमच्याकडे बाप्तिस्मा कळत्या वयात, हौदात बुडवून देतात. त्याच्या बरोबरीची पोरं पांढरे झगे घालून एकामागून एक पाण्यात उतरली आणि हा काठावर उभा राहून म्हणाला, "मला अजून पटलेलं नाही. न पटता उतरलो तर ते खोटं होईल." आईने तिथल्या तिथे कपाळावर हात मारून घेतला. त्याला ते पुढेही कधी पटलं नाही, आणि नाव मात्र चिकटलं.

खोटं बोलायचं अंग त्याला नव्हतंच. गायनमंडळात माझा आवाज कसा लागतो असं मी हौसेने विचारलं तर म्हणाला, "ताई, तू मागच्या रांगेत उभी राहत जा." अशा माणसाशी बोलायचं म्हणजे जीव मुठीत धरून बोलावं लागतं. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा मंडळीतल्या बायका येऊन प्रार्थना करून जायच्या, आणि त्या गेल्यावर आईची चादर बदलायचा तो. मी संसाराचं निमित्त सांगून अर्ध्या वेळा चुकवायची. त्याने कधी चुकवलं नाही.

त्याच सुमारास पाळकसाहेबांनी एका उपदेशात सांगितलं होतं, की देवाला न मानणारा माणूस चांगला वागू शकतो, पण तो चांगुलपणा त्याचा नसतो. भिंतीवर ऊन पडलं म्हणून ते भिंतीचं होत नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर आजही पटतं. पण एवढंच म्हणेन, की सूर्याकडे कोणाला बघवत नाही, ऊन पडलंय की नाही ते भिंतीवरच बघावं लागतं.

कोरड्या लिफ्टची दुरुस्ती करायचा. माझा नवरा डोळ्यांच्या इस्पितळात धोबीखान्यात होता. ते इस्पितळ जुनं, तिथल्या लिफ्टला हाताने ओढायची दारं. लिफ्ट समोर आल्याशिवाय दार उघडत नाही, कारण दाराच्या कुलपाची जीभ अडकलेली असते. दुरुस्तीच्या वेळी मात्र लिफ्ट वर असतानाही दार उघडावं लागतं, म्हणून ती जीभ तारेने मागे बांधून ठेवतात. काम झालं की तार सोडायची. सोडली नाही, तर दार केव्हाही उघडतं आणि समोर नुसती पोकळी असते.

कोरड्याची यावर स्वतःची एक पद्धत होती. तार बांधली की तो मनगटाला एक लाल चिंधी बांधायचा. तार सोडली की चिंधी सोडायची. चिंधी हातावर असेतो पाणीसुद्धा प्यायचा नाही. बरोबरचे लोक त्याला हसायचे, म्हणायचे, याला देव नको पण गंडा हवा. तो म्हणायचा, देव विसरत नसेल, मी विसरतो.

त्या दिवशी त्याने तळमजल्यावरची तार बांधली होती, काम उरकलं होतं, तार सोडायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात शेजारची लिफ्ट मध्येच अडकली आणि आतल्या म्हाताऱ्याचा हात दारात चेंगरला. परिचारिका ओरडत आली. कोरड्या धावला, दार उचकटलं, म्हाताऱ्याला बाहेर काढलं. रक्त थांबेना, हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून मनगटावरची चिंधी सोडून त्याने म्हाताऱ्याच्या बोटांना करकचून बांधली. मग त्याला उचलून वर नेलं. परत आल्यावर त्याने हत्यारं गोळा केली, सवयीने मनगटाकडे पाहिलं. मनगट मोकळं होतं. म्हणजे काम झालेलं होतं. तो निघून गेला.

माझा नवरा चादरींची गाडी घेऊन आला. गाडी जड, म्हणून तो नेहमी पाठमोरा चालत ती ओढायचा. पाठीमागे हात करून त्याने दार सरकवलं, ते सरकलं, आणि तो मागे पाऊल टाकत गेला. खाली खड्डा फार खोल नव्हता, असं मला नंतर कोणीतरी समजूत घालायला सांगितलं. पण त्याच्यामागून गाडीही आली.

पोलीस यायच्या आत तार कोणीतरी काढून टाकली होती. दुरुस्तीच्या कंपनीने सांगितलं, इस्पितळाच्या पहारेकऱ्याजवळ दाराची जादा चावी असते, त्यानेच दार उघडं ठेवलं असणार. पहारेकरी म्हणजे मागेपुढे कोणी नसलेला माणूस, त्याला उचलून आत टाकला. कंपनीच्या साहेबाने कोरड्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू गप्प बस, झाकली मूठ राहू दे. तार नव्हती, साक्षीदार नव्हता. त्याचं बिंग फोडणारं या जगात कोणी नव्हतं, आणि दुसरं जग तो मानत नव्हता.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात आला, उभ्यानेच म्हणाला, "ताई, तार मी बांधली होती. सोडायची राहिली." चिंधीचंही सांगितलं. मग म्हणाला, "आधी तुला सांगायचं होतं. आता पोलिसांकडे जातो." आणि गेला. मी गॅसवरचं दूध उतू जाताना बघत राहिले.

पहारेकरी सुटला. कोरड्यावर खटला उभा राहिला, तो जामिनावर बाहेर होता, पण नोकरी गेली. लोक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. मंडळीत म्हणाले, पाहा, देवाने त्याच्या मनात घातलं. हे कोणीतरी त्याच्याही कानावर घातलं, तेव्हा तो म्हणाला, "कबूल करायचं मनात घातलं, तर तार सोडायचं घालायला काय झालं होतं?" याच प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवसांत देवाजवळ रात्रंदिवस मागत होते.

पुढच्या भोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी उभी राहिले. "माझं अडलंय," म्हटलं, आणि खाली बसले. कोणाशी ते सांगायची गरज नव्हती. भाकर तशीच परत गेली. पुढच्या महिन्यातही गेली, त्याच्या पुढच्याही. म्हाताऱ्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि पायऱ्या उतरताना कुजबुजायच्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

मला ती भाकर हवी होती. लोकांना वाटायचं मी हट्टाला पेटलेय. नवरा गेल्यापासून त्याच्याबरोबर एका पंगतीला बसायची माझी ती एकच जागा उरली होती. जे गेले तेही त्या मेजावर असतात, असं आम्ही मानतो. मला तिथे जायचं होतं आणि मध्ये माझा भाऊ बसला होता.

एका संध्याकाळी पाळकसाहेब आणि मंडळीचे खजिनदार घरी आले. खजिनदार हुशार माणूस, कायद्यातून वाट काढणारा. म्हणाला, "बाई, ही रीत विश्वासणाऱ्यांसाठी आहे. कोरड्या विश्वासणारा नाही. तेव्हा त्याच्याशी अडलेलं हे अडलेलं धरायचंच कारण नाही. तुम्ही खुशाल भाकर घ्या."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते चहाच्या कपात बघत होते.

"म्हणजे त्याने माझा नवरा मारला ते हिशेबात नाही?" मी म्हटलं. "आणि त्याने खरं सांगितलं, तेही हिशेबात नाही?"

"तसं नाही हो," खजिनदार म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या."

"तो माझ्या आईच्या पोटचा आहे. तांत्रिकदृष्ट्या तुम्ही आता उठा." पाळकसाहेबांच्या देखत मी असं बोलले याचं मला जराही वाईट वाटलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात खजिनदाराने नाक खुपसायचं कारण नव्हतं.

ते गेल्यावर मी कोरड्याला फोन केला. "रविवारी येशील का?" तो म्हणाला, "येतो." त्याच आठवड्यात खटल्याचा निकाल लागणार होता.

तो आला आणि शेवटच्या बाकावर बसला. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला. मी उठले, तोही उठला. आम्ही बाहेर पायऱ्यांवर गेलो. आत अख्खी मंडळी थांबली होती, कोणाचं तरी तान्हं रडत होतं.

"बोल," मी म्हटलं.

"चूक माझी. दाजी माझ्यामुळे गेले."

"मग माफी माग."

"मागितली असती, ताई. पण देणार कोण? ज्यांनी द्यायची ते गेले."

"माझ्या वाटणीची माझ्याकडे आहे ना."

"मग तुझ्या वाटणीची दे," तो म्हणाला. "मागतो."

'दिली' म्हणायला मी तोंड उघडलं. आयुष्यभर मी क्षमेवर गाणी म्हटली, मागच्या रांगेत का होईना. पण समोर त्याचं ते मोकळं मनगट दिसत होतं आणि पाठमोरा चालणारा माझा नवरा दिसत होता. त्या म्हाताऱ्याच्या बोटांचा मला राग आला, म्हाताऱ्याचा आला, त्याला वाचवणाऱ्या हाताचा आला. कोरड्या थोडा कमी चांगला असता तर माझा नवरा जिवंत असता, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

"चल आत," मी शेवटी म्हटलं. "लोक खोळंबलेत."

आत गेलो. सगळे आमच्याकडे बघत होते. पाळकसाहेबांनी विचारलं, "मिटलं?"

"मिटलं," मी म्हणाले. मला भाकर हवी होती.

ते कोरड्याकडे वळले. हे नुसतं रीत म्हणून, त्यांचा हात कापडाकडे गेलाही होता.

"नाही," कोरड्या म्हणाला. "मिटलेलं नाही."

पाळकसाहेबांनी हात मागे घेतला. मी त्या दारातून कशी बाहेर पडले ते मला आठवत नाही. तो माझ्या मागून आला.

रस्त्यावर मी त्याच्या अंगावर गेले. "एक शब्द बोलायला तुझं काय जात होतं रे? तू मानत तरी कुठे त्याला?"

"मी नाही मानत," तो म्हणाला. "तू मानतेस. त्याच्यासमोर तू खोटं बोलून ते खाल्लं असतंस, आणि घरी जाऊन कुढत बसली असतीस. तुझं अजून एक काही मला मोडायचं नव्हतं."

मी त्याला तिथेच सोडून घरी आले. खूप रडले. तो खरं बोलला होता, आणि खरं बोलणाऱ्याचा राग सगळ्यात जास्त येतो.

त्याला शिक्षा झाली. न्यायाधीशांनी कबुलीचा विचार करून कमी दिली म्हणे, पण तुरुंग तो तुरुंगच. इकडे मंडळीच्या पंचांनी बैठक घेतली आणि रीत बदलली. आता भोजनाच्या आधी सगळे उठून शेजाऱ्याशी हात मिळवतात, संपलं. वेळेवर सुटतात. खजिनदाराने मला येऊन सांगितलं, आता कोणाचं काही अडत नाही. भाकरीचं ताट माझ्यासमोर येतं, मी ते पुढे देते.

मी कोरड्याला भेटायला जाते. जाळीपलीकडे तो बसतो, वाळलाय. "अजून अडलंय का?" तो विचारतो. "अडलंय," मी म्हणते. तो मान हलवतो. मी गोड बोलत नाही याचं त्याला बरं वाटतं, हे मला कळतं. एकदा मी विचारलं, "हे सगळं घेऊन तू झोपतोस कसा? मला निदान दोष कोणाच्या तरी अंगावर टाकता येतो."

"नाही झोपत," तो म्हणाला.

परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी प्रार्थना केली. प्रभू, माझ्याच्याने क्षमा होत नाही, तू कर. तो तुझ्याकडे मागणार नाही, त्याच्या स्वभावात नाही, त्याला न मागता दे. आणि त्याला देणार नसशील, तर मलाही तुझ्या मेजावर बसवू नकोस. अशी प्रार्थना करावी की नाही ते मी पाळकसाहेबांना विचारलेलं नाही.

पुढच्या भेटीत ती मी कोरड्याला शब्दाला शब्द सांगितली. वाटलं, हसेल. तो हसला नाही. "भाकर घेत नाहीस तू अजून?" त्याने विचारलं.

"नाही."

"ताई, तू तरी खा गं," तो म्हणाला. "दोघांनी उपाशी राहून काय करायचंय."

तुरुंगातल्या शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं आणि मी उठले. भाकर मी अजून घेतलेली नाही.